शुभवर्तमानातलं ‘वर्तमान’ कुठलं?

बावखल
वसईकडच्या आमच्या धर्मग्रामाचा (म्हणजे पॅरिशचा) व्हॉट्सॲप गट आहे. रोजच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, शुभवर्तमान (बायबलमधला येशूच्या चरित्राचा आणि शिकवणीचा भाग) वाचतात, त्यावर चार ओळींचं मनन लिहायची पाळी या महिन्यात माझ्याकडे आली. शनिवारी सामान्यकाळाचा (चर्चच्या वर्षातला एक काळ) दहावा आठवडा, वाचन मत्तय ५:३३-३७: शपथा वाहू नका, तुमचं होय ते होय असू द्या आणि नाही ते नाही. मी लिहिलं, मोगऱ्याच्या टोपलीत कालच्या कळ्या तळाला असतील आणि गिऱ्हाईक विचारत असेल ‘सगळ्या आजच्या ना?’, तर आजचा पाठ तिथे सुरू होतो. शेवटी ठोकून दिलं, ‘आज शुभवर्तमान जगू या.’

संध्याकाळी एका मावशींचा आवाजी निरोप आला. “बाळा, वर्तमान जगायचं म्हणजे उद्याची काळजी नको, असंच ना? पण तो पाठ तर पुढल्या शनिवारी आहे.” आणि खरंच आहे, अकराव्या आठवड्याचा शनिवार, मत्तय ६:२४-३४! मावशींना पंचांग पाठ. मला मात्र घाम फुटला, कारण आठवड्यापूर्वी मीच ‘शुभ वर्तमान म्हणजे देवाने दिलेला आजचा शुभ क्षण’ असं लिहून बसलोय. चुकलं का?

खोडरबर
चुकलं. इथलं वर्तमान म्हणजे बातमी. ‘वर्तमानपत्र’ आठवा.

शेवंती_दळवी
खोडरबरांनी एका ओळीत निकाल लावला, पण शब्द इतका गोड आहे की जरा थांबते.

ग्रीक ‘एव्हांगेलिऑन’ म्हणजे चांगली बातमी. गोव्यात कोंकणीत पोर्तुगीजमार्गे त्याचं ‘वांजेल’ झालं. मराठीत भाषांतर झालं तेव्हा ‘वर्तमान’ बातमी या अर्थी रोजच्या बोलण्यात होतं. ‘तिकडील वर्तमान कळले’, ‘हे वर्तमान ऐकताच’ अशी वाक्यं जुन्या पत्रांत पावलोपावली दिसतात. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशातही हा अर्थ आहे. पुढे ‘बातमी’ने ती जागा बळकावली आणि ‘वर्तमान’ व्याकरणाच्या काळात जाऊन बसलं. बातमीचा अर्थ दोन-तीन समासांत तेवढा उरला. म्हणून मावशींचं ऐकणं आजच्या मराठीला धरूनच आहे, दोष त्यांचा नाही.

आता धातू पाहा. संस्कृत ‘वृत्’, म्हणजे असणे, घडणे, वागणे. त्यावरून वर्तमान, म्हणजे घडत असलेलं. त्याच धातूपासून वृत्त, वृत्ती, वर्तन, वर्तणूक. आणि वृत्तीवरून वार्ता. म्हणजे ‘शुभवर्तमान’ म्हणा की ‘सुवार्ता’ (वसईचं मासिक याच नावाचं, फादर फ्रान्सिस दिब्रिटो अनेक वर्षं त्याचे संपादक होते), मूळ एकच. गंमत म्हणजे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘वार्ता’ म्हणजे बातमी नाही. शेती, पशुपालन आणि व्यापार, थोडक्यात पोटापाण्याचा उद्योग! तुमची मोगऱ्याची टोपली अगदी ‘वार्ते’त बसते. अर्थात भाषांतरकारांच्या मनात हे होतं असं मी म्हणत नाही. नाहीतर उद्या मननात याल घेऊन.

खोडरबर
मला दुसरंच खटकतं. बातमी ‘जगतात’ कशी? बातमी ऐकतात, सांगतात, पसरवतात. आयुष्य जगणं ठीक, नट भूमिका जगतो हेही आता रुळलं. पण ‘शुभवर्तमान जगणे’ला इंग्रजीचा वास येतो. आपल्याकडे वचन पाळतात, शिकवण अंगी बाणवतात, नाहीतर सरळ ‘तसं वागतात’.

शेवंती_दळवी
सहमत, आणि ‘आचरणात आणणे’ नको. सरकारी परिपत्रक वाटतं.

हिरवी_शाल
थोडं बाजूचं. ‘सामान्यकाळ’ शब्दावर कुणीच बोललं नाही. लॅटिनमध्ये त्याला ‘वर्षभरातला काळ’ असं साधं नाव आहे. इंग्रजी नावामागे क्रमांक लावून मोजलेले आठवडे असा अर्थ सांगतात, मराठीत आलं ते ‘सामान्य’. आगमनकाळ-नाताळ आणि उपवासकाळ-पास्काचा (ईस्टरचा) काळ वगळून उरलेले ३३ किंवा ३४ आठवडे, फादरांची वस्त्रं हिरवी. सोमवार ते शनिवारचं शुभवर्तमान दर वर्षी तेच असतं, पहिलं वाचन मात्र दोन वर्षांच्या चक्राने बदलतं. म्हणून मावशींना पुढचा शनिवार पाठ! मला विचाराल तर ‘सामान्य’ ही चूक बरीच भाग्याची निघाली: पाठ गिरवायचा तो रोजच्या सामान्य दिवसातच.

पोप फ्रान्सिस यांच्या २०१८ च्या पवित्रतेवरच्या पत्रातही असाच बाजार आहे: एक बाई खरेदीला जाते, शेजारीण भेटते, गप्पांत कुणाची तरी निंदा सुरू होते आणि ही मनात ठरवते, मी कुणाबद्दल वाईट बोलणार नाही.

खोडरबर
म्हणजे तिथलं वर्तमान तिने पुढे नेलं नाही. :)

बावखल
सगळ्यांचे आभार. पुढच्या मननात आधी माझ्या ‘शुभ क्षणा’ची दुरुस्ती टाकली. शेवटची ओळही बदलली: ‘आज ऐकलं तसं वागू या.’ मावशींना वाचून दाखवली. म्हणाल्या, “हे कळलं. पण कालच्या कळ्यांचं काय करायचं ते लिही. स्वस्त विकायच्या की अल्तारीला (चर्चमधल्या वेदीला) वाहायच्या?”

शेवंती_दळवी
स्वस्त विका. अल्तारीला ताज्या.