पुण्याहून सांगलीत एस.वाय.ला यायचंय: एफ.वाय.चे क्रेडिट इथे धरतात का?

नमस्कार मंडळी. माझी धाकटी बहीण पुण्यात बी.एस्सी.ला आहे. एफ.वाय. ऑल क्लिअर, एकही केटी नाही. आईच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय आणि मी कुपवाड एमआयडीसीत शिफ्टला, त्यामुळे ती घरी राहून एस.वाय. सांगलीतच करणार आहे. निर्णय तिचाच. तिचं वर्ष वाया जाऊ नये, एवढंच मला बघायचंय.

मार्कशीटवर दोन्ही सेमिस्टरचे २२-२२ मिळून ४४ क्रेडिट आहेत. डिजिलॉकरवरून एबीसी खातं (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे मिळवलेले क्रेडिट ऑनलाइन जमा राहतात ते खातं) उघडलं तर पहिल्या सेमिस्टरचे २२ दिसतात, दुसऱ्याचे जमाच नाहीत. त्यात इथल्या एका कॉलेजात क्लार्क म्हणाले, "हिचा ओपन इलेक्टिव्ह (मुख्य शाखेबाहेरचा निवडीचा विषय) आमच्याकडे नाही, परत एफ.वाय.ला बसावं लागेल बहुतेक." तिला हे अजून सांगितलेलं नाही.

क्रेडिट खात्यावर असले की कॉलेजला ते घ्यावेच लागतात का? उरलेले २२ कोण चढवतं? आणि टीसी आत्ताच काढू की थांबू?

प्रतिसाद १

दादा, मी साताऱ्यात कॉलेजच्या ऑफिसात आहे. खिडकीवरचं उत्तर शेवटचं धरू नका. एबीसीत क्रेडिटची नुसती नोंद राहते, सात वर्षांपर्यंत. कुठला विषय कशाच्या बदल्यात धरायचा हे नवीन विद्यापीठ ठरवतं. सांगली-सातारा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात येतात, म्हणजे तुमच्या बहिणीचं नुसतं कॉलेज नाही, विद्यापीठही बदलतंय. मायग्रेशन (जुन्या विद्यापीठाचा स्थलांतर दाखला) आणि एलिजिबिलिटी (नवीन विद्यापीठाची पात्रता मंजुरी) लागणारच.

प्राचार्यांच्या नावे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. सोबत एफ.वाय.चा पूर्ण अभ्यासक्रम जोडा: विषयाचे कोड, क्रेडिट, युनिट, प्रॅक्टिकलची यादी, सगळ्यावर जुन्या कॉलेजचा शिक्का. मार्कशीटवर विषयाचं नुसतं नाव असतं. नाव वेगळं आणि आतला भाग तोच, असं पुष्कळदा निघतं. मेजर (मुख्य विषय) जुळतो का ते सगळ्यात आधी बघा, गाडं तिथेच अडतं. ओपन इलेक्टिव्हचे थोडे क्रेडिट कमी पडले तर पुढच्या सेमिस्टरला भरून घेता येतील का, 'स्वयम्' या सरकारी पोर्टलवरचा ऑनलाइन कोर्स चालेल का, हे अर्जातच विचारा. त्यासाठी अख्खं वर्ष परत करायला लावणं मला पटत नाही.

जागा देतो असं लेखी मिळेपर्यंत टीसी काढू नका.

प्रतिसाद २

खात्यावर क्रेडिट आपल्याला स्वतः चढवता येत नाहीत, ते संस्थेकडूनच येतात. आधी नाव तपासा. मार्कशीटवर आडनाव पुढे आणि आधारवर शेवटी, किंवा जन्मतारखेत फरक, एवढ्यावरूनही नोंद अडकते. तसं असेल तर पुण्याच्या परीक्षा विभागाला मार्कशीट आणि आधारची प्रत जोडून आत्ताच मेल करा.

आणखी एक. एबीसीच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे जी संस्था पदवी देणार तिच्याकडे निम्मे तरी क्रेडिट मिळवावे लागतात. तीन वर्षांची पदवी १३२ ची धरली तर बहिणीचे ४४ म्हणजे तिसरा हिस्सा. या नियमात ती आरामात बसते.

धागाकर्ता

ताई, दादा, मनापासून आभार. नावाचाच घोळ आहे, आधारवर वडिलांचं नाव सुटलंय. दुरुस्तीला टाकतो. अभ्यासक्रमाच्या शिक्क्याच्या प्रती बहीण सोमवारी घेते. आता एकच विचारतो: पुण्याहून इकडे बी.एस्सी.लाच आलेलं कोणी आहे का इथे? विषय जुळवण्याचं पत्र कोल्हापूरला स्वतः जाऊन आणावं लागलं की कॉलेजनेच पाठवलं? शिफ्ट बदलून घ्यायची तर मला आधी सांगावं लागतं.