नायिकेची नोकरी आणि नायिकेची सही

टीव्ही मालिकेतली नायिका बँकेत नोकरी करते, जंगली महाराज रस्त्यावरून ॲक्टिव्हा पळवते, म्हणजे मालिका पुढारलेली, असं काही जण म्हणतात; मला ते पटत नाही. ती नोकरी महिनाभरात विरते, कारण घराचा सेट कायम उभा असतो आणि बँकेच्या प्रसंगासाठी जागा, माणसं, परवानगी सगळं वेगळं लागतं. मग करिअर फोनवरच्या दोन वाक्यांत उरकतात.

त्याहून खटकतं ते प्रॉपर्टीचं. जाऊबाई बिलांच्या गठ्ठ्यात कोरा कागद सरकवतात, हिने सही केली की वाडा गेला! अहो, स्थावराचं हक्कसोडपत्र, म्हणजे घर-जमिनीतला आपला हिस्सा सोडल्याचा दस्त, नोंदवावाच लागतो: मुद्रांक शुल्क, दुय्यम निबंधकासमोर (दस्त नोंदवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यासमोर) हजेरी, फोटो, अंगठा, ओळख पटवणारे दोघं. नुसत्या सहीने काही होत नाही. हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ सालीच दिला; त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या, केंद्राने हिंदू वारसा कायद्यात २००५ साली केलेल्या दुरुस्तीत ती अट नाही. एमबीए झालेल्या नायिकेला यातलं काहीच ठाऊक नसतं. उलट 'दादाच्या सुखासाठी' हिस्सा सोडते, तेव्हा मागे बासरी वाजते.