‘तारण’ कापून ‘मोक्ष’ घातलं, आणि पान परत आलं

खिळेजुळारी
मुद्रितं तपासणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. परवा एका इव्हँजेलिकल (बायबल आणि वैयक्तिक विश्वास यांवर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट) चर्चचं चार पानी पत्रक आलं, ‘आमचा विश्वास’ नावाचं. देव एकच, पण पिता, पुत्र व पवित्र आत्मा असा त्रैक्य. पवित्र शास्त्र हेच अंतिम प्रमाण. येशूचं वधस्तंभावरचं मरण, पुनरुत्थान, पुनरागमन. सगळं ओळीने. मग एक वाक्य: ‘तारण केवळ कृपेने, केवळ विश्वासाच्या द्वारे.’

माझ्या डोळ्यांना तारण म्हटलं की दागिने, कर्ज आणि बँक. वाचणाऱ्याचा घोटाळा नको म्हणून तिथे ‘मोक्ष’ घातलं. पान परत आलं तेव्हा ‘मोक्ष’वर लाल काट, समासात ‘तारणच हवे’, खाली दोन रेघा. फोनवर उत्तर एवढंच, की तो शब्द आमचा नाही. मला वाद घालायचा नाही, समजून घ्यायचंय. ‘सुटका’ हाच अर्थ ना दोन्हींचा?

शेवटचा_बाक
रेघा मारणाऱ्याची बाजू घेतो, कारण मी याच शब्दांत वाढलो.

मोक्ष म्हटलं की जन्ममरणाचा फेरा गृहीत आला. या पत्रकात तो फेराच नाही. माणूस एकदाच मरतो, मग न्याय. धोका आहे तो पापाचा, त्याच्या शिक्षेचा, देवापासून तुटण्याचा. त्यामुळे ‘कशातून सुटका’ इथेच वाट वेगळी होते.

नव्या करारातलं (बायबलच्या येशूनंतरच्या भागातलं) मूळ ग्रीक क्रियापद ‘सोझो’ तर फार घरगुती आहे. पेत्र पाण्यावर चालता चालता घाबरून बुडायला लागतो आणि ‘वाचवा’ म्हणून ओरडतो, तिथे हेच क्रियापद. बारा वर्षं रक्तस्राव होत असलेली बाई येशूच्या वस्त्राला हात लावून बरी होते, तिथेही हेच. म्हणजे बुडणाऱ्याला बाहेर ओढणं, आजाऱ्याला बरं करणं. ‘तारणे’मध्ये ते पाणी अजून ऐकू येतं, ‘मोक्षा’त नाही.

आणि बोलण्यातली खूण सांगतो. आमच्याकडे लोक सरळ विचारतात, ‘तुमचं तारण झालंय का?’ समोरचा तारीखसुद्धा सांगतो. ‘मोक्ष झालाय का?’ असं कुणाला विचारून बघा.

कर्मणी_प्रयोग
झकास धागा. बँकेचा घोटाळा मात्र मला होईलसा वाटत नाही, कारण मराठीत नामाचा अर्थ बरेचदा क्रियापद ठरवतं. तारण *ठेवतात* ते दागिने. तारण *होतं* ते माणसाचं. (तसं पाहिलं तर तारण ठेवलं की सावकाराचे पैसे बुडत नाहीत. बुडणं दोन्हीकडे आहेच!)

या पत्रकातला सगळा धर्मविचार मला क्रियापदांत दिसतो. मोक्ष माणूस मिळवतो, साधतो. तारण होतं. करणारा दुसरा, आपण फक्त स्वीकारणारे. इव्हँजेलिकल शिकवणीचा गाभा हाच, की कर्मांनी मिळवण्याजोगं इथे काही नाही, आणि मराठी वाक्यरचना तो न सांगता सांगते.

पत्रकात ‘नीतिमान ठरवणे’ असा प्रयोग असेल बघा. असेल तर कृपा करून ‘नीतिमान करणे’ करू नका. ‘ठरवणे’ हे न्यायालयातलं आहे: दोषी ठरवलं, निर्दोष ठरवलं. निर्दोष ठरवल्याने आरोपीचा स्वभाव बदलत नाही, त्याचा दर्जा बदलतो. सोळाव्या शतकात कॅथलिक चर्चपासून फुटलेल्या प्रोटेस्टंट सुधारकांचं म्हणणं हेच होतं: देव पाप्याला ख्रिस्तामुळे नीतिमान *ठरवतो*. स्वभाव पालटणं पुढे होतं आणि त्याला वेगळा शब्द आहे, ‘पवित्रीकरण’. उलट १५४७ साली ट्रेंटच्या परिषदेत कॅथलिक चर्चने ठासून सांगितलं, की आपण नुसते नीतिमान ठरवले जात नाही, खरोखर नीतिमान होतो. ‘ठरणे’ आणि ‘होणे’ या दोन क्रियापदांवर युरोप दुभंगला म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण फार नाही. लुथरन वर्ल्ड फेडरेशन आणि कॅथलिक चर्च यांनी या विषयावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या त्या १९९९ साली!

खिळेजुळारी
बापरे. ‘नीतिमान ठरवले जाणे’ आहे. जड वाटलं म्हणून ‘नीतिमान होणे’ केलं होतं. लगेच परत फिरवतो.

वेलांटी
‘तो शब्द आमचा नाही’ हे काही मला पटलेलं नाही. मग ‘आमचा’ कुठला? कृपा, उपासना, प्रायश्चित्त हे शब्द काय बाप्तिस्म्याच्या पाण्यातून वर आले? फादर स्टीफन्स या मिशनऱ्याचं ख्रिस्तपुराण, बायबलची कथा मराठी ओव्यांत, १६१६ सालचं. त्यात स्वर्गाला खुशाल ‘वैकुंठ’ म्हटलंय. तेव्हा अडलं नाही, आता ‘मोक्षा’ने का अडावं?

शेवटचा_बाक
मुद्दा मान्य, शब्द कुणाच्या मालकीचे नसतात. पण स्टीफन्स जेझुइट, म्हणजे एका कॅथलिक संघाचे धर्मगुरू. श्रोत्याच्या ओळखीच्या शब्दांतून आत शिरायचं, ही त्यांची वाट. नंतरच्या प्रोटेस्टंट भाषांतरकारांना उलटी काळजी: ओळखीचा शब्द आपल्याबरोबर जुना अर्थही घेऊन येईल. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी केलं, ते १९२४ साली छापून निघालं, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. इतक्या मोठ्या संस्कृत पंडितेने साध्या मराठीचा आग्रह धरला, हे मला अजून नवल वाटतं.

‘प्रायश्चित्त’ हा शब्द मात्र तुम्ही नेमका काढलात. तो घेतला, पण आतून उलटा केला. एरवी प्रायश्चित्त चूक करणारा *घेतो*. योहानाच्या पहिल्या पत्रात येशू आपल्या पापांबद्दल प्रायश्चित्त *आहे*. मी पाप करायचं आणि एक माणूस माझं प्रायश्चित्त असायचं, हे मराठीत पहिल्यांदा ऐकणाऱ्याला अडखळायला होतं. अडखळू दे. शिकवण तीच आहे.

वेलांटी
हे आवडलं. आणि ‘खंडणी’? मार्कमध्ये येशू पुष्कळांसाठी आपला जीव खंडणी म्हणून देतो. आजच्या वाचकाला खंडणी म्हणजे गुंडाचा फोन.

कर्मणी_प्रयोग
तिथे ग्रीकमध्ये ‘लुत्रॉन’ आहे, गुलाम किंवा युद्धकैदी सोडवायला भरायची रक्कम. खंडणीला मराठीत आज वाईट दिवस आलेत, पण ‘मोबदला’ फार सपक आणि ‘किंमत’ फार दुकानी. राहू द्या.

मला ‘केवळ’वर बोलायचंय. पत्रकात तो दोनदा आलाय आणि दोन्ही वेळा तोच खरा भांडखोर आहे. जर्मन सुधारक मार्टिन लुथरने १५२२ साली नव्या कराराचं जर्मन भाषांतर छापलं, तेव्हा रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात ‘विश्वासाने’च्या जोडीला ‘केवळ’ घातला. मूळ ग्रीकमध्ये त्या जागी तो शब्द नाही. ओरड झाली. १५३० साली त्याने उत्तर लिहिलं, त्याचा मथितार्थ असा: ग्रीकमध्ये नाही हे मलाही कळतं, पण जर्मन माणूस बोलतो तसं लिहायचं तर अर्थ पुरा व्हायला तो लागतोच. गंमत अशी, की बायबलमध्ये ‘केवळ विश्वासाने’ हे शब्द जिथे खरोखर आहेत ते याकोबाच्या पत्रात, आणि तिथे ‘केवळ विश्वासाने नव्हे’ असं आहे! इव्हँजेलिकल लोक याचा मेळ असा घालतात, की तारण केवळ विश्वासाने होतं, पण जो विश्वास तारतो तो एकटा राहत नाही, त्याला कृत्यांची फळं येतात.

तेव्हा ‘केवळ’ला पुनरुक्ती समजून कापू नका. ‘फक्त’ही नको. ‘फक्त कृपेने’ म्हटलं की काहीतरी कमी पडल्यासारखं वाटतं.

खिळेजुळारी
एक ‘केवळ’ खरंच कापला होता. अजून तीन शंका आहेत. (१) त्रि + ऐक्य = त्र्यैक्य व्हायला हवं, ‘त्रैक्य’ कसं? (२) ‘नवा जन्म’ऐवजी ‘पुनर्जन्म’ एका शब्दात बसतो. (३) ‘पश्चाताप’ला एक त कमी आहे.

वेलांटी
(१) संधी तुमचा बरोबर. पण शब्द रुळलाय, ‘त्रैक्य’च ठेवा. ‘त्रिमूर्ती’ कराल तर पुन्हा लाल काट येईल.
(३) जोडा तो त. पश्चात् + ताप.

शेवटचा_बाक
(२) नको, नको! पुनर्जन्म मेल्यावर. हा जिवंतपणी, एकदाच. येशूला भेटायला आलेला निकदेम नावाचा धर्मपंडितही असाच फसला होता, म्हातारा माणूस आईच्या पोटात परत कसा जाईल म्हणून. ग्रीक ‘अनोथेन’चे दोन अर्थ, ‘पुन्हा’ आणि ‘वरून’. येशू वरून म्हणतोय, निकदेम पुन्हा ऐकतोय. ‘नवा’ म्हटलं की निदान ‘पुन्हा’चा सापळा टळतो.

पश्चात्तापाबद्दल माझी जुनी तक्रार आहे. शब्दात नुसता ताप, तोही नंतरचा. ‘मेटानोइया’ म्हणजे मनच बदलणं, आणि हिब्रू ‘शूव’ तर सरळ ‘मागे वळणे’. मंचावरून कुणी ‘मन फिरवा’ म्हणालं की मला ते जास्त लागतं. नुसतं वाईट वाटून घेणारे चिकार असतात, मीही आहे त्यांत.

खिळेजुळारी
आभार. पत्रक पुन्हा काढलं. तारण, ठरवले जाणे, दोन्ही केवळ, नवा जन्म, सगळं पूर्ववत. माझा म्हणून एक जोडाक्षरातला त उरला. शेवटचं एकच: चौथ्या पानावर ‘सर्व मंडळ्यांनी’ आहे. मंडळीचं अनेकवचन? ‘बरीच मंडळी जमली’ असंच म्हणतो ना आपण? टायपिंगची चूक समजून ‘मंडळींनी’ केलंय.

शेवटचा_बाक
चूक नाही हो. मंडळी म्हणजे विश्वासणाऱ्यांचा एक समुदाय, ग्रीक ‘एक्लेसिया’. म्हणून एका गावची मंडळी, सात गावांच्या सात मंडळ्या. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, सात मंडळ्यांनाच पत्रं आहेत. ‘मंडळींनी’ कराल तर जेवायला आलेली माणसं होतील.

खिळेजुळारी
‘मंडळ्यांनी’ परत घातलं. त्याखाली संगणकाची लाल रेघ येतेय, ती येऊ दे.