शुगरवाल्यांची युरिक ॲसिडची तपासणी दरवर्षी सक्तीची हवी का?

कृष्णाकाठ, सांगली
आमच्या अण्णांना शुगर होऊन १४ वर्षं झाली. गेल्या महिन्यात हरिपूरला संगमेश्वराचं दर्शन घेऊन चालत घरी आले, दारात चप्पल काढली आणि फरशीवर रक्ताचा ठसा उमटला. बाभळीचा काटा चपलेतून आरपार तळव्यात गेलेला. "काय कळालंच नाही की रे," म्हणाले. मी चिमट्यानं काटा काढत होतो तेव्हाही ते शांतपणे पेपर वाचत होते.

मग तपासण्या झाल्या. तीन महिन्यांची सरासरी शुगर ८.४, युरिक ॲसिड (किडनी लघवीवाटे बाहेर टाकते तो रक्तातला टाकाऊ पदार्थ) ८.१. पुरुषांना साधारण ७ पर्यंत चालतं. टाइप टू शुगरमध्ये ज्यांच्या संवेदना नेणाऱ्या नसा खराब होतात त्यांचं युरिक ॲसिड जास्त असतं, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. मग ही साधी तपासणी १४ वर्षांत कुणीच का लिहून दिली नाही? माझं म्हणणं, ती दरवर्षी सक्तीची करा.

सिस्टर, मिरज
दादा, तुमचा राग समजतो, पण तो चुकीच्या जागी निघतोय. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीनं दुसरी केली असं होत नाही. किडनी मंदावली की युरिक ॲसिड साठतं, आणि जुनी शुगर किडनी व नसा दोन्हींना धरते. बीपीच्या काही लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनीही ते वाढतं. उलट शुगर फार चढली की ते लघवीवाटे जास्त निघून जातं आणि रिपोर्ट चांगला येतो. ज्याच्या पायाला सगळ्यात जास्त धोका, त्यालाच हा आकडा निर्धास्त करू शकतो.

मी ड्रेसिंगला असते. जखम घेऊन येणाऱ्या कितीतरी जणांचे पाय त्याआधी कुणी बघितलेलेच नसतात. १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट, म्हणजे नायलॉनचा जाड तंतू, तळव्याला टेकवायचा आणि पेशंटला डोळे मिटून "लागलं का" विचारायचं. मग ट्यूनिंग फोर्क, म्हणजे थरथरणारा धातूचा चिमटा, अंगठ्याच्या हाडावर ठेवून थरथर कळते का बघायचं. पाच मिनिटं लागतात. सक्ती याची करा.

द्राक्षबाग, तासगाव
ताई, युरिक ॲसिड एकदम मोडीत काढू नका. माझा अंगठा रात्री असा ठणकायचा की चादर लागलेली सहन व्हायची नाही. सगळे म्हणायचे, शुगरनं नस गेली. युरिक ॲसिड ९ च्या वर निघालं म्हणून गाउट, म्हणजे युरिक ॲसिडचे खडे सांध्यात साचून होणारं दुखणं, सापडला. मात्र खरं तेही सांगतो, गोळीनं अंगठा शांत झाला, तळव्याच्या मुंग्या तशाच आहेत.

कृष्णाकाठ, सांगली
तुमच्या मुंग्या जुन्या असतील. नुकसान व्हायच्या आधीच गोळी सुरू केली तर? नसांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या युरिक ॲसिडनं खराब होत असतील, तर ते उतरवल्यानं फायदा व्हायलाच हवा.

सिस्टर, मिरज
किडनीबद्दल हाच विचार करून टाइप वन शुगरच्या ५३० पेशंटांवर ॲलोप्युरिनॉल, म्हणजे युरिक ॲसिड उतरवणारी गोळी, तीन वर्षं तपासली. निकाल २०२० ला आला. युरिक ॲसिड छान उतरलं, किडनीची घसरण थांबली नाही. मग नसांचं गृहीत कसं धरायचं? त्या गोळीनं क्वचित कातडी सोलवटण्याइतकी भयंकर ॲलर्जी येते. गाउट असेल तर जरूर घ्यावी, नुसत्या आकड्यासाठी नको.

अण्णा मेटफॉर्मिन घेतात का? वर्षानुवर्षं घेतली की बी १२ कमी होऊ शकतं, शाकाहारी माणसाचं तर जास्तच. पाय त्यानंही बधिर होतात, आणि ते भरून काढता येतं.

कृष्णाकाठ, सांगली
माळकरी आहेत. मेटफॉर्मिन पहिल्या वर्षापासून चालू आहे. बी १२ कधीच बघितलं नाही, उद्याच करतो. पण वाढलेल्या युरिक ॲसिडमुळे निदान किडनीकडे तरी लक्ष जाईल, म्हणून वर्षातून एकदा ते हवंच, हे मी सोडत नाही. आणखी एक, यंदा वारीला लोणंदपासून अनवाणी चालायचं म्हणतायत.

सिस्टर, मिरज
किडनीसाठी क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन बघा, ते जास्त नेमकं सांगतं. आणि अनवाणी एक पाऊलही नको. मऊ तळाचे बंद बूट घ्या, घालण्याआधी रोज आत हात फिरवा. रात्री मुक्कामाला तळवे तुम्ही स्वतः बघा, त्यांना दुखणार नाहीये.