डीएलआयमध्ये नुसत्या सीडी८ पेशी का देत नाहीत?

पल्लवी_आर
धाकट्या भावाला एएमएल (रक्ताचा कॅन्सर, ल्युकेमियाचा एक प्रकार). माझ्या पेशी घेऊन त्याचं ट्रान्सप्लांट झालं. आता डोनर चिमेरिझम, म्हणजे त्याच्या रक्तातला माझ्या पेशींचा वाटा, घसरायला लागलाय, म्हणून माझे लिम्फोसाइट (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) पुन्हा चढवू म्हणतायत, म्हणजेच डीएलआय. मी वाचलं की त्यातल्या टी पेशींचे दोन प्रकार, सीडी४ आणि सीडी८, आणि कॅन्सरपेशी मारतात त्या सीडी८. मग त्याच निवडून का देत नाहीत? सीडी४ कशाला, जीव्हीएचडी (डोनरच्या पेशींचा पेशंटच्या शरीरावरच हल्ला) वाढवायला? ओपीडीत विचारलं तर "दोन्ही लागतात" एवढंच उत्तर मिळालं आणि पुढच्या पेशंटचा पुकारा झाला.

फ्लोवाला
ताई, मी डॉक्टर नाही, फ्लो सायटोमेट्रीच्या (पेशींवरचे रेणू, म्हणजे मार्कर, तपासणाऱ्या) मशिनवर बसतो. पण तुमच्या प्रश्नाच्या नेमका उलटा प्रयोग होऊन गेलाय. सीएमएलच्या (ल्युकेमियाचाच दुसरा प्रकार) पेशंटना सीडी८ काढून टाकलेले लिम्फोसाइट दिले, हेतू जीव्हीएचडी कमी करण्याचा. तरीही बऱ्याच जणांचा आजार हटला. म्हणजे सीडी४ नुसत्या बघ्या नाहीत.

सीडी८ला शत्रू दाखवते डेन्ड्रिटिक पेशी, ही रोगप्रतिकारातलीच एक पेशी. ती पुरती तयार होण्यासाठी सीडी४ने तिच्या सीडी४० या रेणूला हात लावावा लागतो. १९९८ साली 'नेचर'च्या एकाच अंकात तीन गटांनी हे दाखवलं. वर सीडी४कडून आयएल-२ हे पेशी वाढवणारं प्रथिन मिळतं. ही मदत न मिळालेल्या सीडी८ पहिल्यांदा वाढतात, पण तोच शत्रू पुन्हा समोर आला की वाढायच्या ऐवजी मरून जातात. ल्युकेमियात शत्रू रोजच समोर असतो.

शिवाय एएमएलच्या ब्लास्टवर (कॅन्सरच्या कच्च्या पेशींवर) बहुधा क्लास टू रेणू असतात. पेशीच्या आतले तुकडे टी पेशींना दाखवणारे हे एचएलए रेणू: क्लास टू सीडी४ वाचते, क्लास वन सीडी८. त्यामुळे सीडी४ त्यांना थेट ओळखू शकते. (एपीएल या एएमएलच्या उपप्रकारात ते सहसा नसतात, तो प्रकार निराळा.) ट्रान्सप्लांटनंतर उलटलेल्या काही केसेसमध्ये मला स्क्रीनवर दिसतं ते असं: निदानाच्या वेळी एचएलए-डीआरचा (हा एक क्लास टू रेणू) डोंगर उजवीकडे, म्हणजे भरपूर; रिलॅप्सच्या, आजार उलटल्याच्या, नमुन्यात तोच डावीकडे, म्हणजे कमी, सरकलेला. ब्लास्टने सीडी४पासून तोंड लपवलं. २०१८मध्ये यावर चांगलं काम आलं. अशा पेशींना प्रयोगशाळेत इंटरफेरॉन गॅमा हे प्रथिन दिलं की क्लास टू परत दिसू लागतो. आणि गॅमा बनवतं कोण? टी आणि एनके (नॅचरल किलर) पेशीच.

निम्मा_डोनर
एनकेचं नाव निघालंच आहे म्हणून. ल्युकेमियाने क्लास वन उडवला की सीडी८ आंधळ्या होतात, पण क्लास वन हाच एनकेचा लगाम, तो सुटतो. हाफ-मॅचमध्ये (डोनरचा एचएलए निम्माच जुळतो तेव्हा) ल्युकेमिया यावरही मात करू शकतो: डोनरशी न जुळणारा एचएलए टाकून देतो आणि जुळणाऱ्याची दुसरी प्रत करतो. क्लास वन एकूण तेवढाच राहतो, एनकेला पत्ता लागत नाही. पल्लवी, तुमची फुल मॅच असेल तर हा मुद्दा सोडून द्या.

पल्लवी_आर
फुल मॅच आहे. दादा, डीआरचं रिपोर्टमध्ये कुठे सापडेल?

फ्लोवाला
ब्लास्टच्या मार्करांच्या ओळीत. 'डिम' किंवा 'निगेटिव्ह' असं लिहिलंय का पाहा, आणि निदानाचा जुना रिपोर्ट शेजारी ठेवा. पण आत्ता नुसता चिमेरिझम घसरलाय, ब्लास्ट दिसतच नसतील तर ती ओळच नसेल.