पॉड वाढवले, तरी रेडिस क्लस्टर मोठा का झाला नाही?

माटुंगाकर:
नमस्कार. दादर-गिरगावातील मिठाईच्या दुकानांसाठी आम्ही आगाऊ नोंदणीची सेवा चालवतो. गणेश चतुर्थीच्या आधीच्या तीन-चार दिवसांत उकडीच्या मोदकांच्या मागणीमुळे ताण एकदम वाढतो. ग्राहकांचे कार्ट रेडिस क्लस्टरमध्ये, म्हणजे मेमरीत डेटा ठेवणाऱ्या सर्व्हरांच्या समूहात असतात. कुबरनेटीसवर (कंटेनर चालवणारी व सांभाळणारी प्रणाली) एकच स्टेटफुलसेट (क्रमांक दिलेल्या पॉडचा, म्हणजे कंटेनर चालवणाऱ्या घटकांचा, संच) असून त्यात ३ मास्टर (मूळ डेटा सांभाळणारे) आणि ३ रेप्लिका (त्यांच्या प्रती ठेवणाऱ्या) आहेत. प्रत्येक कंटेनरला ४ जीबीची मर्यादा, मॅक्समेमरी (रेडिसने डेटासाठी वापरायची कमाल मेमरी) ३.५ जीबी, आणि वेगासाठी डिस्कवरची साठवण पूर्ण बंद ठेवली आहे.

गेल्या आठवड्यात चाचणीसाठी पॉडची संख्या ६ वरून ८ केली. दोन्ही नवे पॉड सुरू झाले, परंतु जुन्या मास्टरवरील मेमरी तसूभरही कमी झाली नाही. म्हणून एक नवा पॉड सर्वांत भरलेल्या मास्टरला रेप्लिका म्हणून जोडला. त्यानंतर मिनिटभरात तो मास्टर १३७ या कोडने (सक्तीने बंद केल्याची खूण) बंद पडला, काही सेकंदांत पुन्हा उभा राहिला, आणि त्याच्याकडील सर्व कार्ट नाहीसे झाले. त्याची जुनी रेप्लिका व्यवस्थित चालू असताना असे का व्हावे, आणि सणापूर्वी क्लस्टर वाढवण्याची योग्य रीत कोणती?

खाडीकाठ:
पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे. कुबरनेटीसला पॉड मोजता येतात, स्लॉट कळत नाहीत. रेडिस क्लस्टरमध्ये सगळ्या की (डेटाच्या नोंदींची नावे) १६३८४ स्लॉटमध्ये (कप्प्यांत) विभागलेल्या असतात, आणि तुमच्या तीन मास्टरकडे प्रत्येकी सुमारे ५४६१ स्लॉट आहेत. नवा पॉड ‘अ‍ॅड-नोड’ने क्लस्टरमध्ये घेऊन त्याच्याकडे स्लॉट सरकवले नाहीत, तर तो रिकामाच राहणार. ‘रीबॅलन्स’ (स्लॉटची समान वाटणी) चालवतानाही रिकाम्या मास्टरना धरण्याचा पर्याय मुद्दाम द्यावा लागतो, हे अनेकांच्या नजरेतून सुटते.

कार्ट गेले त्याचे कारण अधिक गंभीर आहे. डिस्कवरची साठवण बंद असली, तरी नव्या रेप्लिकेला पूर्ण प्रत देण्यासाठी मास्टर फोर्क करतो, म्हणजे स्वतःची दुसरी प्रक्रिया सुरू करतो. त्या काळात लेखन चालू राहिले की बदललेल्या मेमरी-पानांच्या दुसऱ्या प्रती तयार होतात, आणि ३.५ जीबी भरलेल्या मास्टरला ४ जीबीची मर्यादा ओलांडायला वेळ लागत नाही. १३७ त्यामुळेच आला. पुढे कुबरनेटीसने कंटेनर तत्परतेने उभा केला, आणि घात झाला तो या तत्परतेमुळेच. नोड (क्लस्टरमधील एक सर्व्हर) गेला असे ठरवण्याची मूळ मुदत १५ सेकंदांची आहे. मास्टर त्याआधी परतल्यामुळे रेप्लिकेला मास्टर होण्याची संधीच मिळाली नाही. परतलेला मास्टर रिकामा होता, पण ओळख आणि स्लॉट जुनेच. रेप्लिकेने आपले कर्तव्य केले: स्वतःजवळचा सगळा डेटा पुसून त्या रिकाम्या मास्टरची हुबेहूब प्रत घेतली.

त्यामुळे मास्टरवर साठवण चालू करा. एओएफ (प्रत्येक लेखनाची नोंद ठेवणारी फाइल) दर सेकंदाला डिस्कवर उतरवला, तर नुकसान साधारण सेकंदाभराच्या लेखनापुरते राहते. त्यासोबत मॅक्समेमरी पुष्कळ खाली आणा. मी तुमच्या जागी असतो तर ४ जीबीच्या कंटेनरमध्ये अडीचच्या वर गेलो नसतो.

सातवा_फलाट:
क्रमाविषयी थोडी भर घालतो. नवा मास्टर रिकामा असतानाच त्याची रेप्लिका जोडावी. पूर्ण प्रत तेव्हा क्षणात होते, आणि पुढे स्लॉटसोबत येणारा डेटा तिच्याकडे आपोआप जात राहतो. मग चार मास्टरमध्ये प्रत्येकी ४०९६ स्लॉट होतील असे सरकवावे, तेही रात्री उशिरा. एखादी की फार मोठी असेल, तर ती हलवली जात असताना मास्टर तेवढा वेळ इतर विनंत्यांना उत्तर देत नाही. आमच्याकडे एका दुकानाची अख्ख्या दिवसाची यादी एकाच हॅशमध्ये (एका कीखाली अनेक नोंदी) होती, आणि ती की हलेपर्यंत ग्राहकांचे पान फिरत राहिले.

मास्टर व त्याची रेप्लिका एकाच यंत्रावर येणार नाहीत, अशी अँटी-अ‍ॅफिनिटीही लावा.

माटुंगाकर:
दोघांचेही मनापासून आभार. घटनाक्रम आता जुळतो. नोंदींनुसार मास्टर ४ सेकंदांत परतला होता. विसर्जनानंतर आकार पुन्हा ६ वर आणायचा आहे. तेव्हा केवळ संख्या कमी करून चालेल का?

खाडीकाठ:
नाही. स्टेटफुलसेट सर्वांत मोठ्या क्रमांकाचे पॉड आधी काढतो, त्यांच्याकडे स्लॉट आहेत की नाहीत हे पाहत नाही. दरम्यान फेलओव्हर (रेप्लिकेने मास्टरची जागा घेणे) झाला असेल, तर ज्याला तुम्ही रेप्लिका समजता तोच मास्टर असू शकतो. म्हणून आधी ‘क्लस्टर नोड्स’ची यादी पाहा. जाणाऱ्या मास्टरचे सर्व स्लॉट उरलेल्या तिघांकडे सरकवा, ‘डेल-नोड’ने आधी रेप्लिका व मग मास्टर काढा, आणि नंतरच संख्या ६ करा. काढलेल्या पॉडचे व्हॉल्यूम क्लेम (डिस्कवरील जागेची मागणी) मूळ मांडणीत तसेच मागे राहतात. ते हाताने पुसा, नाहीतर पुढच्या गणपतीला संख्या वाढवाल तेव्हा तोच पॉड यंदाची नोड-फाइल (नोडची ओळख व स्लॉट नोंदवणारी) घेऊन उभा राहील.