‘ट्यूनेबल लेझर’साठी मराठी शब्द: समायोज्य, परिवर्ती की आणखी काही?

प्रश्न: दोन ट्यूनेबल (तरंगलांबी बदलता येणारे) लेझर वापरून टेराहर्ट्झ लहरी कशा मिळवतात आणि त्यांनी वायूंचा वर्णपट कसा घेतात, यावर मराठीत टिपण लिहायचे आहे. ‘ट्यूनेबल’साठी समायोज्य घ्यावा की परिवर्ती? आणि ‘फोटोमिक्सिंग’ला प्रकाशमिश्रण म्हटले तर चालेल का?

प्रतिसाद: समायोज्य नको. आरशाचा स्क्रूही समायोज्यच असतो. इथे बदलायची आहे ती तरंगलांबी, आणि तीही सलग. १५५० नॅनोमीटरचा डीएफबी डायोड (एकाच तरंगलांबीवर चालणारा अर्धवाहक लेझर) दर अंश तापमानाला साधारण ०.१ नॅनोमीटर सरकतो, म्हणजे सुमारे १२ गिगाहर्ट्झ. टेराहर्ट्झ लहरीची वारंवारता म्हणजे दोन लेझरांच्या वारंवारतांमधला फरक, म्हणून या तरंगलांबीजवळ १ टेराहर्ट्झसाठी दोन लेझरांत ८ नॅनोमीटर अंतर लागते. ७८० नॅनोमीटरला २ पुरते. एकट्या डायोडला ८० अंश फिरवणे झेपत नाही, म्हणून मुळातच थोडे अंतर असलेली जोडी घेतात आणि एक तापवत, दुसरा थंड करत नेतात. परावर्तित प्रकाश डायोडमध्ये परत शिरला तर मोड (लेझर ज्या वारंवारतेवर चालतो ती स्थिती) उडी मारतो आणि वर्णपटात तेवढी फट पडते. प्रकाश एकाच दिशेने जाऊ देणारा आयसोलेटर त्यासाठीच. माझे मत ‘सलग-परिवर्ती’ला.

प्रतिसाद: परिवर्ती तर आपोआप भरकटणारा लेझरही म्हणता येईल! आपण बदलतो आणि तो बदलतो, यातला भेद शब्दात दिसायला हवा, कारण कामात तोच आडवा येतो. फरकाच्या वारंवारतेत दोन्ही लेझरांच्या वारंवारतेची थरथर उतरते, सहसा काही मेगाहर्ट्झ. वातावरणाच्या दाबाला बाष्पाच्या शोषणरेषा काही गिगाहर्ट्झ रुंद असतात, तिथे हे खपून जाते. दाब खूप उतरवला की १ टेराहर्ट्झजवळ रेषा जेमतेम ३ मेगाहर्ट्झ रुंद उरते आणि लेझरची थरथर रेषेइतकीच होऊन बसते. शब्द ‘ट्यूनेबल’च ठेवा, क्रियापद मात्र ‘सरकवणे’ आणि ‘भरकटणे’ असे वेगळे वापरा. वारंवारतेच्या आकड्यांची खात्री करायला खोलीतल्या हवेचे बाष्प पुरते: ०.५५७, ०.७५२ आणि ०.९८८ टेराहर्ट्झला ठळक रेषा मिळतात. नंतर मात्र कोरडा नायट्रोजन सोडून मार्ग स्वच्छ करा, नाहीतर त्याच रेषा नमुन्याच्या रेषा झाकतात.

प्रतिसाद: प्रकाशमिश्रण हा शब्द दिशाभूल करतो. फायबर कपलरमध्ये दोन किरण एकत्र आले म्हणून टेराहर्ट्झ लहर तयार होत नाही. फक्त प्रकाशाची तीव्रता फरकाच्या वारंवारतेने वरखाली होते. लहर निघते ती अर्धवाहकातून: ७८० ते ८५० नॅनोमीटरला कमी तापमानाला वाढवलेला गॅलियम आर्सेनाइड, १५५० ला इंडियम गॅलियम आर्सेनाइड. प्रकाशाने विद्युतभार वाहक सुटतात, बाहेरून लावलेले बायस व्होल्टेज त्यांचा प्रवाह करते, अँटेना तो फेकते. दहावीस मिलिवॉट प्रकाश देऊन हाती येतात मायक्रोवॉट. आणि वाहकांचे आयुष्य व अँटेनाची धारिता आड येत असल्याने १ टेराहर्ट्झच्या वर त्याहूनही कमी. दोन्ही किरणांचे ध्रुवीकरण जुळले नाही तर तेही हातचे जाते. या अर्धवाहक घटकासाठी ‘फोटोमिक्सर’ शब्द तसाच ठेवावा, पुढे ‘फरक-वारंवारता’ लिहावे.

प्रश्न: मग ‘फ्रिंज’ला, म्हणजे व्यतिकरणाने संकेतात दिसणाऱ्या चढउतारांना, पट्टे म्हणू?

प्रतिसाद: म्हणा, पण शोषणरेषेला चुकूनही पट्टा म्हणू नका. ग्राहकाकडे (लहर टिपणाऱ्या घटकाकडे) येणारा लेझरचा प्रकाश आणि टेराहर्ट्झ लहर यांच्या वाटांत प्रकाशीय लांबीचा १० सेंटीमीटर फरक राहिला, तर दर ३ गिगाहर्ट्झला संकेताचे एक आवर्तन होते आणि त्यात तो दोनदा शून्यावर जातो. नवख्याला त्या खाचा शोषणाच्याच वाटतात. एक वाट थोडी लांबवून पाहा: पट्टे सरकतात, रेषा जागची हलत नाही. वाट बदलूनही न हलणारे पट्टे दिसले तर नमुन्याकडे बघा. १ मिलिमीटर जाडीची सिलिकॉनची चकती स्वतःच्या दोन पृष्ठांमधल्या परावर्तनाने दर ४४ गिगाहर्ट्झला लाटा काढते. त्यांना ‘एटालॉनचे पट्टे’ म्हणावे. स्पेक्ट्रोस्कोपीला ‘वर्णपटमिती’ ठीक, वर्ण दिसत नसला तरी.